गावकीचा शोषखड्डा

इंदापूर तालुक्यातल्या निंबारवाडीत एकशे बेचाळीस घरं आहेत आणि विहीर एक. विहीर गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. वरच्या आळीत पडलेलं पाणी वरच्या आळीतच जिरलं तर ती उन्हाळ्यापर्यंत तग धरते. वाहून गेलं तर संक्रांतीलाच तळ दाखवते. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सबब, हेच समजावून सांगण्यासाठी पाणलोट समिती स्थापन झाली आणि तिच्या अध्यक्षपदी कारखान्यातून निवृत्त झालेले झुंबर तात्या बिनविरोध बसले.

तात्यांनी ग्रामसभेत भाषण केलं. ते चांगलं झालं होतं, हे तात्या आजही प्रामाणिकपणे मान्य करतात. आराखड्याचं नाव होतं ‘निसर्गाला धक्का न लावता विकास’. दर घराच्या अंगणात एक शोषखड्डा खणायचा आणि छपराचं, न्हाणीचं पाणी त्यात सोडायचं. मत विचारलं तर सगळ्या घरांचे हात वर. एवढं एकमत गावानं यापूर्वी फक्त जत्रेतल्या मटणावर दाखवलं होतं.

अडचण दुसऱ्या दिवशी आली. हात ज्यानं त्यानं शेजाऱ्याच्या अंगणासाठी वर केला होता. ट्रॅक्टरवाल्या रतनच्या अंगणात त्याचा ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहायची. कुणाच्या वास्तुशास्त्रात खड्डा बसेना, कुणाच्या म्हशीला बसायला जागा उरेना. आणि खुद्द तात्यांनी थोरल्याच्या लग्नात अंगणभर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक घातलेले. ते उखडायचा विषय निघाला की ते ब्लॉकचं बिल दाखवायचे.

“आवं, आदी आपलं अंगण खणा,” त्यांची बायको सिंधुबाई म्हणाली. “मंग लोकाला सांगा.”

“अध्यक्षानं शेवटी खणायचं असतं,” तात्या म्हणाले. “आदी खणलं तर लोक म्हणतील, पदाचा फायदा घेतला.”

तेवढ्यात आराखडा राबवणाऱ्या संस्थेचा अविराज मोबाइल घेऊन आला. “तात्या, महिनाअखेर आहे. प्रत्येक घराचा फोटो ॲपवर गेलाच पाहिजे. घर, घराचा नंबर आणि खड्डा, तिन्ही एका फोटोत.”

“खड्डा किती खोल हाय, ते ॲपला दिसतं का?”

“वरून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं, तात्या.”

तात्या विचारात पडले. गावात लग्न निघालं की कुणी पातेली विकत घेतं का? गावकीची भांडी असतात. वहीत नाव लिहायचं, न्यायची आणि पंगत उठली की घासून परत करायची. तीन पातेल्यांवर अख्ख्या गावाची लग्नं निभावली, तर एका शोषखड्ड्यावर एकशे बेचाळीस घरं का निभावू नयेत?

एक बुटकी सिमेंटची रिंग आणली, दोन पाट्या खडी आणि पाइपचा एक तुकडा. रतनच्या ट्रॉलीत बसून शोषखड्डा गावात फिरू लागला. अंगणात उतरवायचा, भोवती माती ओढायची, घरमालकानं शेजारी ताठ उभं राहायचं, फोटो झाला की पुढचं घर. गावकीच्या वहीत पातेल्यांशेजारी नवा रकाना आखला गेला. एका घरानं पाहुणे येणार म्हणून खड्डा दोन दिवस ठेवून घेतला, तर समितीनं त्यांना ‘सार्वजनिक खड्डा खाजगी कार्यास वापरल्याबाबत’ नोटीस काढली. बारा दिवसांत गाव पूर्ण झालं.

लोकसहभागात निंबारवाडी पहिली आली आणि पुण्याहून माधवी मॅडम पाहणीला आल्या. त्यांनी आल्या आल्या पाच घरांच्या चिठ्ठ्या काढल्या. तात्यांनी रतनला नुसतं नजरेनं खुणावलं. मग दर घरी मॅडमना चहा, आणि चहा होईतो ट्रॉली मागच्या बोळातून पुढच्या घरी. चार घरं, चार चहा. पाचवी चिठ्ठी तात्यांच्याच नावाची होती.

पेव्हर ब्लॉकवर रिंग बसली होती. मॅडम वाकून बघत म्हणाल्या, “जरा बादलीभर पाणी ओता. जिरतं का बघू.”

पाणी ओतलं की ते सरळ मॅडमच्या चपलांत येणार होतं. सिंधुबाई दारातून पुढं आली.

“वतायला पाणी कुठलं आणू, बाई? हीर आटून म्हैना झाला. टँकर परवा येनार. तुमच्या चहाचं पाणी बी लोकांनी माठाच्या तळातनं काढलंय.”

मॅडमनी मान हलवली आणि अहवालात लिहिलं, ‘पाणी पूर्णपणे जिरलेले आढळले.’

पंधरा दिवसांत वेशीवर ‘जलसमृद्ध गाव’ अशी कमान उभी राहिली. तात्यांना फेटा बांधला. त्याच आठवड्यात वरून पत्र आलं, की जलसमृद्ध गावास टँकर अनुज्ञेय नाही. तात्या तालुक्याच्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, “गावात खड्डे नाहीत असं लेखी द्या, उद्या टँकर सुरू.” लेखी दिलं तर फेटा जात होता. तात्या तसेच परत आले.

सिंधुबाई रतनच्या मळ्यातल्या बोअरवरून पाणी आणू लागली. जाऊन-येऊन दोन किलोमीटर, त्यात तिचा गुडघा धरलेला. तात्यांना ते बघवेना, म्हणून ते दुसरीकडे बघू लागले.

एका सकाळी अंगणात ठणठण ऐकू आली. सिंधुबाई पहारीनं ब्लॉक उखडत होती.

“आगं, गुडगा दुखतुय तुजा.”

“पाणी आणून दुखतुय. तुमी भाषण करा, मी खणते.”

तात्यांना लाज वाटली. भाषणातली नव्हे, खरी. त्यांनी तिच्या हातातली पहार घेतली. दोघांनी दोन दिवसांत कमरेएवढा खड्डा खणला, खडी भरली, छपराचा पाइप त्यात सोडला. गावातला पहिला शोषखड्डा. अविराजनं कौतुकानं फोटो काढला आणि ॲपनं उत्तर दिलं, ‘या घराचा शोषखड्डा यापूर्वीच पूर्ण आहे. नवीन खड्डा जुन्या फोटोशी जुळत नाही. तो अनधिकृत समजून सात दिवसांत बुजवावा.’

सिंधुबाईनं तो बुजवू दिलेला नाही. नोटिसा येतात, त्या ती चुलीला लावते.

रिंग मात्र एकही दिवस रिकामी नसते. तिची कीर्ती आधी बारामतीला गेली, मग पुण्याला. तिथल्या सोसायट्यांना छपराचं पाणी जिरवल्याचा दाखला लागतो. तेवढ्यापुरती रतनची ट्रॉली जाऊन येते. परवा तात्या म्हणाले, “एवढी शिकल्याली मानसं. त्यांच्यातल्या एकानं तरी खरा खड्डा खणला असंल की.”

सिंधुबाईनं गावकीची वही त्यांच्यापुढं सरकवली. सोळाव्या पानावर तुमच्या सोसायटीचं नाव आहे, वाचकहो. रिंग घासून परत करायची तेवढी राहिली आहे.