मास्तरांचा जुना चष्मा

लेझरने चष्मा उतरवून घेतल्याच्या सातव्या दिवशी मास्तरांनी जुना चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि जी पायरी ते चौतीस वर्षं चढत होते, नेमके तिलाच अडखळून चष्म्याच्या दुकानात धाडकन आत आले.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. चष्म्याचा नंबर उणे सहा. चष्मा काढला की समोरच्या माणसाचा नुसता रंग उरायचा. तेही त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं, पण गेल्या महिन्यात ते धाकट्या मुलीबरोबर पोहायला गेले आणि बाहेर आल्यावर भलत्याच कोणाच्या तरी मुलाला टॉवेलात गुंडाळून त्याचं डोकं खसाखसा पुसू लागले. मुलाने काही तक्रार केली नाही. तक्रार त्याच्या आईने केली, आणि ती सगळ्या तलावाला ऐकू गेली. त्याच आठवड्यात मास्तरांनी डॉक्टर गाठले.

डॉक्टरांनी काय अपेक्षा ठेवायची ते नीट समजावून सांगितलं होतं. डोळे काही दिवस कोरडे वाटतील, थेंब घालायचे. दिव्यांभोवती वलयं दिसतील, हळूहळू जातील. डोळे चोळायचे नाहीत, महिनाभर तलावाचं नाव काढायचं नाही. लांबचं स्वच्छ दिसेल, मात्र चाळिशी उलटलेली असल्यामुळे जवळचं वाचायला चष्मा लागेल. हे शेवटचं वाक्य मास्तरांनी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं, कारण त्यांच्या डोक्यात दुसरीच काळजी होती. चष्मेवाल्यांना कसं सांगायचं, हे डॉक्टर काही बोलले नव्हते.

चष्मेवाले म्हणजे मास्तरांचे शाळेपासूनचे मित्र. मास्तर दहा वर्षांचे असताना त्यांचा पहिला चष्मा चष्मेवाल्यांच्या वडिलांनी याच दुकानात बनवला होता. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर दुकानातल्या बाकावर बसायचं, हा जो नेम पडला तो मास्तर स्वतः शिकवायला लागले तरी सुटला नाही. अलीकडे मात्र गिऱ्हाईक रोडावलं होतं. जुनी माणसं लेझर करून घेत आणि मग दुकानासमोरून जाताना पलीकडच्या फुटपाथवर होत. त्यावर चष्मेवाले एकदा म्हणाले होते, "डोळे बरे झाले याचं वाईट वाटत नाही रे. ओळख दाखवत नाहीत त्याचं वाटतं."

ते ऐकल्यापासून मास्तरांची जीभ उचलेना. आपणही त्याच रांगेत गेलो असं मित्राला वाटलं, तर तो बाक संपला. म्हणून डोळे आल्याचं फोनवर सांगून त्यांनी आठवडा काढला. बायको म्हणाली, "अहो, सरळ सांगून टाका ना." मास्तर म्हणाले, "सांगतो," आणि कपाटातून जुना चष्मा काढला.

आता बऱ्या झालेल्या डोळ्यांवर उणे सहाचा चष्मा घातला की जे व्हायचं तेच झालं. दुकान सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. दाराजवळ कोणी बाई हसत उभी होती. मास्तरांनी सावरून तिला नमस्कार केला आणि म्हणाले, "काय वहिनी, आज दुकानात?"

वहिनी नुसत्याच हसत राहिल्या.

"ती पुठ्ठ्याची आहे," काउंटरमागून आवाज आला. "चार वर्षं तिथेच उभी आहे. तूच उचलायला हात लावला होतास."

चष्मेवाले त्या वेळी एका फ्रेमचा बारीक स्क्रू बसवत होते. तोही त्यांच्या हातून निसटला. हल्ली त्यांचे स्क्रू फार पडत आणि ते हल्लीच्या स्क्रूंना नावं ठेवत. तो शोधायला दोघेही जमिनीवर ओणवे झाले, एकमेकांच्या डोक्याला डोकं आपटलं आणि स्क्रू काही सापडला नाही. चष्मेवाले उठले ते गंभीर चेहऱ्याने. डोळे येऊन गेले आणि जाताना नंबर वाढवून गेले, असं त्यांचं मत पडलं. आत्ताच्या आत्ता तपासायचे.

मास्तरांनी नाना सबबी सांगितल्या, पण चष्मेवाल्यांनी त्यांना हाताला धरून तपासणीच्या खुर्चीत बसवलं, चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि समोरचा तक्ता लावला. अक्षरं अशी लख्ख दिसली की मास्तरांना क्षणभर भरून आलं. हाच तो तक्ता. लहानपणी चष्मा लागू नये म्हणून त्यांनी तो पाठ केला होता आणि घडाघडा म्हणून दाखवला होता. चष्मेवाल्यांच्या वडिलांनी तो आधीच भिंतीवरून काढून ठेवला होता, एवढंच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आज पाठ असलेलं आणि दिसत असलेलं, दोन्ही चुकवायचं होतं. शेवटच्या दोन ओळी चुकवल्या असत्या तर भागलं असतं. पण मास्तरांना खोटं बोलायचा सराव नव्हता. त्यांनी सगळ्यात वरचं, ताटाएवढं अक्षरच चुकीचं सांगितलं.

चष्मेवाल्यांनी एक भिंग घालून बघितलं, दुसरं बघितलं. मास्तर प्रत्येक वेळी मान हलवत राहिले. पाचव्या भिंगाला चष्मेवाल्यांनी भिंगांची पेटी मिटली. त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांवरची भिंगांची चौकट काढून घेतली, दुकानाचं दार लोटलं आणि डोळ्यांच्या इस्पितळाचा नंबर शोधू लागले.

"अरे, एवढं काही नाही," मास्तर म्हणाले.

"गप्प बस. घाबरू नकोस. मी येतोय बरोबर." चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि पाठ फिरवून रुमालाने डोळे टिपले. "चित्रं काढतोस तू. तुझे डोळे जाऊन चालेल का?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सांगून टाकायचंच, असं ठरवून ते उठले, आणि सांगण्यापूर्वी निदान सवयीचा आधार हवा म्हणून काउंटरवरचा चष्मा उचलून घातला.

दुकान पाण्यात बुडालं नाही, तसंच स्वच्छ दिसलं. पुठ्ठ्याची बाई, भिंतीवरच्या फ्रेमा, वडिलांचा फोटो, मित्राचे लाल झालेले डोळे. हातात आला होता तो चष्मेवाल्यांचा चष्मा. या चष्म्याला ते कधी कोणाला हात लावू देत नसत. दुसऱ्याचा चष्मा घातला की डोळे बिघडतात, असं लहानपणापासून सांगत.

"याला नंबरच नाही," मास्तर म्हणाले. "साधी काच आहे."

"तुला कसं कळलं?" चष्मेवाले वळले. मग थबकले. साध्या काचेतून ज्याला दिसतं त्याचा उणे सहा कुठे गेला, हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "कधी केलंस?"

"मागच्या मंगळवारी. तुला सांगायला धीर होईना."

चष्मेवाल्यांनी ओला रुमाल खिशात कोंबला. मास्तरांनी विचारलं, "आणि तू? केव्हापासून?"

"चौथीपासून," चष्मेवाले म्हणाले. "सगळा वर्ग तुला ढापण्या म्हणायचा. तू शाळेत चष्मा दप्तरात ठेवायचास आणि फळ्यावरचं माझ्या वहीतून उतरवायचास. मी बाबांकडे हट्ट करून साध्या काचेचा करून घेतला. म्हटलं, दोघं असलो की कमी चिडवतील."

"दुप्पट चिडवलं."

"हो. पण तू चष्मा घालायला लागलास."

मास्तरांना ते आठवलं. एक दिवस मित्रालाही चष्मा लागला म्हणून ते केवढे खूश झाले होते. आता त्यांनी डोळ्यांवरचा तो चष्मा काढून मित्राच्या हातात दिला. "मग पुढे काढला का नाहीस?"

"तू कॉलेजात गेलास तेव्हा काढणार होतो. तोवर दुकान अंगावर पडलं. बिनचष्म्याच्या माणसाकडून चष्मा कोण घेणार?" ते थोडं थांबले. "आणि तुझाही होताच की अजून."

डोळे चुरचुरू लागले तशी मास्तरांना थेंबांची आठवण झाली. खिशातून दोन सारख्याच बाटल्या निघाल्या. आत्ता कोणती घालायची ते वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. मास्तरांनी बाटली नेहमीसारखी नाकाजवळ नेली, आणि अक्षरांच्या जागी मुंग्या दिसल्या. "तू वाच," म्हणून त्यांनी ती पुढे केली. चष्मेवाल्यांनी हात लांब केला, आणखी लांब केला, मग हात संपला.

"छपाई वाईट आहे," ते म्हणाले.

"स्क्रूंसारखी," मास्तर म्हणाले.

मग मास्तरांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि जवळचं वाचायचा कागद हातात दिला. चौतीस वर्षं बघून बघून तपासणी त्यांनाही येत होती. पहिलं भिंग, दुसरं भिंग. तिसऱ्याला चष्मेवाले सरळ होऊन बसले. त्यांनी कागद वाचला, बाटली वाचली, स्वतःच्या तळहातावरच्या रेषा बघितल्या.

"असं होतं होय गिऱ्हाइकाला," ते हळूच म्हणाले. "एवढी वर्षं विकतोय, मला माहीतच नव्हतं."

मास्तरांचाही नंबर तोच निघाला, सव्वा. चष्मेवाल्यांनी एकाच घडणीच्या दोन फ्रेमा काढल्या, दोन्हींत काचा बसवल्या आणि त्यातली एक स्वतः घालून ऐटीत काउंटरवर कोपरं टेकली. त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. तिथे कोणीतरी धूसर उभं होतं.

"या ताई, बसा ना," चष्मेवाले म्हणाले. "आलोच."

मास्तर बाकावर आपल्या जागी बसले आणि ताईंसाठी थोडे सरकले.