दिगूभियांचा एक पॉइंट सहा

दिगूभियांना कोणी पहिल्यांदा भेटलं की ते नमस्कार करत नाहीत, दंड पुढे करतात. "पहिले दाबून बघा, मग बोलू." तीन वर्षांपूर्वी मी नाशिकहून इंदूरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला आलो, तेव्हा भर स्टाफरूममध्ये मीही दाबून पाहिला. दगड! "वयाची त्रेपन्न पूर्ण आहेत सरजी," ते अभिमानाने म्हणाले आणि मग कुठे माझं नाव विचारलं.

दिगूभिया, म्हणजे इंदुरी बोलीत दिगूभाऊ, आमचे पी.टी.चे सर. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "टाइमच नी मिळाला." इंदुरात 'नाही'चं 'नी' होतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण कुंदाताई. यजमान गेल्यावर ताई भावाकडे राहायला आल्या, आणि तेव्हापासून दोघांचं कशावरही एकमत झालेलं नाही. पोह्यावर शेव किती, पंखा कितीवर, दार लावलं का नुसतं ओढलं, सगळ्यावर वाद.

अशात ताईंच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. भिया त्यांना स्कूटरवर मागे बसवून पलासियाच्या गर्दीतून नेत आणि वाटभर दोघांचं भांडण चाले. डॉक्टरांनी किडनी बदलायचं काढलं, तसे भिया खुर्चीतून उठलेच. "माझी घ्या ना!"

"ह्याची नको हो," ताई म्हणाल्या. "पहाटे उठून मलाही बैठका काढायला लावेल."

रक्तगट जुळला. आता भियांची तपासणी. किडनी तगडी दिसावी म्हणून ह्या गृहस्थाने आदल्या दिवशी पोटभर मटण खाल्लं आणि सकाळी तीनशे बैठका मारून, घाम पुसत, रक्त दिलं. रिपोर्ट आला. क्रिएटिनिन एक पॉइंट सहा. शेजारी छापलं होतं, एक पॉइंट तीनपर्यंत ठीक. आकडा ठळक अक्षरांत.

"तुमचीच किडनी कमजोर दिसतेय," काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. "डोनर म्हणून नाही चालणार."

दुसऱ्या दिवशी भिया स्टाफरूममध्ये आले. नव्या आलेल्या शिक्षकापुढेही दंड केला नाही. माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाले, "तुम्ही केमिस्ट्रीवाले. हे काय आहे ते सांगा. सरळ सांगा."

मी सांगितलं. क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंतून रोज निघणारा कचरा. किडनी तो गाळून बाहेर टाकते. रक्तात तो जास्त सापडला, तर किडनीचं काम मंदावलं असावं असा संशय घेतात. पण स्नायूच जास्त असतील तर कचराही मुळात जास्तच निघणार. त्यात मटण आणि बैठका.

भिया ताडकन उठले. "म्हणजे घरात लग्न निघालं, दारात दहा पिशव्या पडल्या, आणि तुम्ही म्हणता कचरागाडी आली नी?"

स्वच्छतेत देशात पहिल्या येणाऱ्या इंदूरच्या माणसाला ह्यापेक्षा सोपं करून मीही सांगू शकलो नसतो.

हेच वाक्य घेऊन ते मला ओढत किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होत्या. भियांनी आधी दंड पुढे केला. "पहिले दाबून बघा." त्यांनी खरंच दाबला आणि हसू आवरत म्हणाल्या, "शक्यता आहे. पण नुसत्या दंडावर मी ऑपरेशन करणार नाही. चार दिवस व्यायाम बंद, मटण बंद, मग पुन्हा तपासू."

ते चार दिवस बघण्यासारखे होते. ताईंनी भियांचे व्यायामाचे मुद्गल पलंगाखाली लपवले. भिया दुधाची पिशवी उचलायला लागले तरी त्या आतून ओरडत, "दिग्या, ठेव ते!" आणि दिग्या ठेवत असे. त्या घरात मी पाहिलेलं हे पहिलं एकमत.

पुन्हा तपासलं. एक पॉइंट चार. उतरला, पण अजून वरच. भियांचा चेहरा पडला. डॉक्टर म्हणाल्या, "थांबा. रक्तातलं दुसरं एक प्रथिन बघू, सिस्टॅटिन नावाचं. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. आणि स्कॅन करून किडनी खरोखर किती गाळते, तेही मोजू."

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो. डॉक्टरांनी दोन्ही कागद निवांत वाचले. ताई पदराचं टोक पिळत होत्या.

"ह्या वयात अशा किडन्या क्वचित बघायला मिळतात," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही देऊ शकता."

"ओ भिया!" अशी आरोळी भियांनीच ठोकली की बाहेरचे पेशंट दारात जमले. भियांनी त्या सगळ्यांना क्रिएटिनिन समजावून सांगितलं. वॉर्डबॉयने दंडही दाबून पाहिला.

ऑपरेशन उत्तम झालं. ताईंचा आकडा रोज उतरू लागला आणि भिया आपल्या खाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला क्रिकेटच्या स्कोअरसारखा सांगू लागले. सात पॉइंट आठ. चार. दोन पॉइंट एक. ज्या दिवशी एक पॉइंट एक आला, त्या दिवशी टाके सांभाळत त्यांनी नर्सेसकडून टाळ्या वाजवून घेतल्या.

दोन महिन्यांनी त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. ताई स्वयंपाकघरात होत्या. भियांनी कपाटातून एक जुनी फाइल काढली आणि एक कागद माझ्या हातात दिला. आठ वर्षांपूर्वीचा ताईंचा रिपोर्ट. क्रिएटिनिन एक पॉइंट दोन. साध्या अक्षरांत.

"तेव्हा तिचे पाय सुजायचे," ते हळू आवाजात म्हणाले. "मोठ्या डॉक्टरकडे जाऊ म्हणत होती. मी हा कागद वाचला. म्हटलं, नॉर्मल आहे, उगाच वहम करू नको. तिचं वजन बेचाळीस किलो, सरजी. अंगात स्नायू किती असणार? परवा डॉक्टरांनी हिशेब करून दाखवला. एवढ्याशा बाईला एक पॉइंट दोन म्हणजे किडनी तेव्हाच निम्म्यावर आली होती. माझा आकडा खोटं बोलला तर मी भांडत सुटलो. तिचा खोटं बोलला, तर मी फाइल बंद करून टाकली."

मी कागद परत देत विचारलं, "ताईंना माहीत आहे?"

"काल सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

भियांनी डोळे पुसले. "म्हणाली, तिकडे वरण उतू चाललंय, आधी गॅस बंद कर. आणि मग जेवताना, न मागता, माझ्या भातावर दोनदा तूप वाढलं."