तुळशीरामचा अबोला

तुळशीराम कॅरममध्ये हरला की माझ्याशी बोलणं बंद करायचा, आणि बोलणं बंद आहे हे सांगायला रोज सकाळी माझ्याच घरी यायचा. मी समोर पेपर वाचत बसलेला. हा माझ्या बायकोला म्हणणार, "वहिनी, त्याले सांगून द्या, आपन त्याच्याशी बोलत नाई." वर चहात साखर कमी पडली तर तेही "त्याले सांगा" म्हणून मलाच ऐकवणार. डोक्यात तिडीक जायची!

शेलूबाजार गावात माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत कॅरम. शेतातून आला की तुळशीराम आधी खिशातून सोयाबीनचा दाणा काढून बोर्डाच्या मधोमध ठेवायचा. दाणा जरा हलला की, "पाह्य वसंता, बोर्ड तुयाकडं झुकेल हाये. हे काई इमानात बसत नाई." मग बोर्डाखाली पुठ्ठा घाला, पुन्हा दाणा ठेवा. अरे, दाणा गोल आहे, तो घरंगळणारच! पण सांगणार कोणाला? पुठ्ठे घालून घालून एकदा बोर्ड माझ्याच मांडीवर कलंडला, तर म्हणे, "आता बराबर झाला."

बरं, जिंकला तरी सुख नाही. नाक्यावरच्या हॉटेलात जाऊन जीपवाल्यांना, ओळख ना पाळख अशा माणसांना गाठून सांगणार, "वसंताले आज धुतला." दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला विचारतं, "काहो, लयच मार खाल्ला म्हनते?" आणि याला घरी बोलायला आहे तरी कोण? बायको देवाघरी गेली, पोरगी सासरी. एवढ्या गावात खेळायला मी एकटा, आणि तोंड फिरवायलाही मीच!

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. मुलानं पुण्याला बोलावलं, दुकान आवरलं. निघायच्या आदल्या दिवशी शेवटचा डाव मांडला. म्हटलं, आज तरी गोडीनं उठू. मी राणी घेतली, लगेच तिचं कव्हरही घेतलं. झालं!

"तुया कोपर बोर्डाले लागला. रानी वापस ठेव."

"डोये फुटले का बे तुये, तुळश्या? कुठं लागला?"

त्यानं हातानं सगळ्या सोंगट्या विस्कटल्या, पायात वहाणा सरकवल्या आणि चालता झाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. जन्माची दोस्ती, उद्या मी गाव सोडतोय, आणि हा नालायक एका कोपरासाठी भांडून गेला! बायको म्हणाली, "जाऊन या ना, काहून तानता?" म्हटलं, "मेलो तरी नाई जात!"

दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये बसलो होतो, सामान टपावर चढत होतं, तेव्हा हा आला. बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ माझ्या खिडकीशी उभा. मी तोंड फिरवलं.

"कोपर नवता लागला," तो म्हणाला.

"मंग काहून बोंबलला बे?"

"तुले राग येऊ दे म्हनलं." तो टायरकडे बघत राहिला. "गोडीनं गेलेला मानूस इसरून जाते. चिडेल मानूस भांडाले तरी वापस येते."

जीप सुटली.

इथे पुण्यात शेजारी फार चांगले आहेत. सगळे गोड बोलतात, कोणावर धड खेकसताही येत नाही. तुळश्यावर मात्र मी अजून चिडलेलो आहे. गुडघे जरा चालते झाले की जातो भांडायला.