हत्तीच्या अंगावर चाळीस घरटी

एका जंगलात, मुलांनो, एक हत्ती होता आणि त्याला खाली बसायला कायद्याने बंदी होती.

त्याचं नाव दंतोबा. बारा वर्षं तो पाणवठ्याच्या काठावर उभा होता. कोणत्या जनावराने केव्हा पाणी प्यायचं, ते सगळं त्याच्या डोक्यात. हरणं पहाटे, वाघ ऊन चढल्यावर, अस्वलं तिसऱ्या प्रहरी. ज्याची वेळ होई त्याला तो हाक मारी. पाण्यावर दुसरं कुणी कधी दिसतच नसे, त्यामुळे पाणवठा खास आपल्यासाठीच आहे असं प्रत्येक कळपाला वाटे. जंगल सुखात होतं. गैरसमजावर जंगलं फार छान चालतात.

बंदीचं कारण असं, की दंतोबा बसला की त्याला डुलकी लागे, आणि डुलकी लागली की तो सगळं विसरे, अगदी स्वतःच्या नावासकट. उभा असेपर्यंत मात्र काहीच विसरत नसे. रोज दुपारी पाणवठा घटकाभर रिकामा राही. ती वेळ एका रानडुकराची होती आणि ते रानडुक्कर नऊ वर्षांपूर्वी मेलं होतं. दंतोबा हाक मारी, वाट पाही, आणि उद्या येईल म्हणे.

पुढे गर्दी वाढली. नीलगायी आल्या, माकडांची बारा घराणी आली. दंतोबाचं डोकं काठोकाठ भरलं. एके पहाटे त्याने हरणांना आणि वाघाला एकदमच हाक मारली. ठिपकाबाई नावाची चितळीण सगळ्यांच्या पुढे होती. तिचा जीव वाचला, पण शेपटीचा शेंडा पट्टेरावांच्या, म्हणजे वाघाच्या, दातांत राहिला.

सिंहमहाराजांनी सभा भरवली. ठिपकाबाईने सुचवलं की आजोबांना घटकाभर बसू द्या, उठले की आपण आपापली वेळ पुन्हा सांगू. सभेला तिची कीव आली. घटकाभर पाणवठा बंद? जग काय म्हणेल? जगाला हे जंगल ठाऊकच नव्हतं, पण ते कुणी बोललं नाही.

मग चोचराव उठले. हे सुगरण पक्ष्यांचे मुकादम. त्यांच्याकडे विणून पडलेली चाळीस रिकामी घरटी होती. एकेका घरट्यात शंभर आठवणी मावतील, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. हत्ती उभाच राहील, हाकाही मारत राहील आणि तेवढ्यात त्याची स्मरणशक्ती वाढेल. सभेने टाळ्या वाजवल्या.

चाळीस घरटी दंतोबाच्या कानांना, सुळ्यांना, शेपटीला लोंबू लागली. भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी घोळ तसाच. चौकशीअंती कळलं, की घरटी लावली हे हत्तीलाच कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, गोचीड झालेत.

सांगितल्यावर दंतोबाने इमानदारीने आठवणी घरट्यांत भरल्या. पण कोणती आठवण कोणत्या घरट्यात, हे लक्षात ठेवायला डोक्यात जागा हवी. ती नव्हती. म्हणून तेही त्याने एका घरट्यात ठेवलं. चोचराव म्हणाले, अडचण समजली, आणखी चाळीस विणतो.

चौथ्या पहाटे ठिपकाबाईच्या घशाला कोरड पडली होती. तीन दिवस ती भीतीने पाण्यावर आली नव्हती. हाक आली तशी ती काठावर आली. समोरच्या काठावर पट्टेराव उभे होते. त्यांनाही हाक आली होती.

ती दंतोबाच्या पायांशी धावली. "आजोबा, आत्ता वेळ कुणाची आहे?"

"चाळिसाव्या घरट्यात आहे बघ."

"मग बघून सांगा ना."

"चाळिसावं कुठलं, ते एकोणचाळिसाव्यात आहे," दंतोबा म्हणाला. "आणि एकोणचाळिसावं मला सापडत नाही गं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पट्टेराव पाण्यात उतरून इकडे येऊ लागले.

ठिपकाबाईला फार वाईट वाटलं, थोडं त्याचं आणि पुष्कळसं स्वतःचं. ती म्हणाली, "बसा आजोबा."

बारा वर्षांत हे त्याला कुणी म्हणालं नव्हतं. दंतोबा बसला. जमीन हादरली, चाळीस घरटी उडाली, आणि चिखलाची लाट पट्टेरावांना आंघोळ घालून गेली. डोळे चोळत ते झाडीत पळाले.

घटकाभराने दंतोबा जागा झाला. डोकं स्वच्छ, चेहरा प्रसन्न. त्याने विचारलं, मी कोण?

पट्टेराव लांबून झाडीतून डोकावत होते, जवळ दुसरं कुणी नव्हतं. ठिपकाबाईने नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि वेळाही सांगितल्या. "हरणं पहाटे. पुन्हा संध्याकाळी. दुपारी डुकराची वेळ असायची, तीही हरणांनाच."

"आणि तो झाडीतला, चिखलाने माखलेला?"

"त्यांची वेळ अधिक महिन्यात."

"अधिक महिना केव्हा येतो?"

"येतो, आजोबा. तीन वर्षांनी."

दंतोबाने ते पक्कं लक्षात ठेवलं. पट्टेरावांनी पुढे महाराजांकडे तक्रार केली, पण हत्तीला आठवतंय म्हटल्यावर महाराज तरी काय करणार? पट्टेराव हल्ली डोंगरापलीकडच्या ओढ्यावर जातात. चोचरावांना शाल-श्रीफळ मिळालं.

तात्पर्य: मोठ्यांची स्मरणशक्ती वाढवण्याच्या खटपटीत पडू नये. ती कोरी होईल त्या घटकेला शेजारी उभं राहावं.