दाढा चार, गोळ्या तीस

दुसऱ्याची वेदना माणसाला पाहवत नाही, आणि शुक्रवारी दुपारी चारनंतर तर मुळीच पाहवत नाही. वैद्यकशास्त्राची निम्मी प्रगती या एका सत्यावर उभी आहे. (उरलेली निम्मी सोमवारी सकाळी होते.)

आमच्या टॅनर्स फोर्कचे दंतवैद्य डॉ. वेंडेल स्टॅल्नेकर हे कमालीचे कनवाळू गृहस्थ. वेस्ट व्हर्जिनियाच्या या खोऱ्यात सव्वीस वर्षं ते पोरांच्या अक्कलदाढा काढताहेत. शाळा संपल्याची चौकोनी टोपी एकदा हवेत उडाली, की पुढच्या पंधरवड्यात पोराचा गाल सुजलाच पाहिजे, असा इथला रिवाज. ज्याचा सुजत नाही त्याच्या बापाची नोकरी गेली असावी, अशी कुजबुज चर्चच्या पायऱ्यांवर सुरू होते. म्हणून जूनमध्ये अख्खी बारावी तोंडात कापूस धरून बसलेली असते, आणि प्रत्येकाच्या हातात अफूच्या कुळातल्या तीस गोळ्यांची नारिंगी बाटली असते. दाढ एक निघो की चार, गोळ्या तीस.

तीसच का, यावर सखोल संशोधन झालेलं आहे. (ते मी केलं, स्वागताच्या टेबलावर बसणाऱ्या ओपलशेजारी उभं राहून.) दाढेचं दुखणं साधारण तीन दिवसांचं. डॉक्टर पूर्वी बारा गोळ्या देत. पण एका शनिवारी ते नदीवर गळ टाकून बसले असताना एका आईचा फोन आला, की गोळ्या संपल्या. फोन घेण्याच्या गडबडीत गळाला लागलेला मासा सुटला. सोमवारपासून तीस. तो मासा तेव्हा दोन पौंडांचा होता. गेल्या नाताळात तो नऊ पौंडांवर पोचला. त्याच सुमारास औषध कंपनीचा एक विक्रेता दर मंगळवारी दवाखान्यात जेवण घेऊन येई. या गोळ्यांची सवय लागत नाही, असं त्याने गरम पेपरोनी-पावाची शपथ घेऊन सांगितलं. डॉक्टरांनी दोन पाव खाल्ले. शास्त्रीय शंका उरली नाही.

पुढे खोऱ्यात काही तरुण वेळेआधीच दफनभूमीत जाऊ लागले, तेव्हा 'दंतवेदना-विवेक मंडळ' नावाची एक संस्था स्थापन झाली. तिने ओळखलं की डॉक्टरांना कुणीतरी घरपोच शिकवलं होतं, तेव्हा आता त्यांना घरपोच विसरायला शिकवलं पाहिजे. त्यासाठी शिक्षिका नेमली: लोर्ना टेनंट. या बाई एकोणीस वर्षं गावच्या औषधाच्या दुकानात होत्या. त्या नारिंगी बाटल्या त्यांनीच भरल्या होत्या. मंडळाने त्यांना दोन्ही बाजूंना छापलेलं एक गुळगुळीत कार्ड, पंधरा मिनिटं आणि नियमावली दिली. नियम सातवा: शिक्षिकेने डॉक्टरांना काहीही खाऊ घालू नये, त्याने निष्पक्षतेला बाधा येते. (विक्रेत्याच्या जेवणाने येत नसे. तो स्वतःही जेवत असे.)

पहिली भेट मंगळवारी, जेवणाच्या वेळी झाली. डॉक्टरांनी बाईंच्या हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

"काही आणलं नाहीत?"

"कार्ड आणलंय."

डॉक्टरांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. छपाई चांगली आहे म्हणाले.

दुसऱ्या भेटीत बाई मुद्द्यावर आल्या. "डॉक्टर, बाजारात मिळणाऱ्या साध्या दोन वेदनाशामक गोळ्या एकत्र दिल्या, तर दाढेला त्या या गोळ्यांइतक्याच लागू पडतात. पोरांना अफूची गरजच नाही."

"हे मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? माझी दाढ काढली तेव्हा मी त्याच घेतल्या."

"मग पोरांना तीस का?"

"अहो टेनंटबाई, मला आया नाहीत. पोरांना असतात."

बाईंनी मंडळाच्या फॉर्मवर 'डॉक्टरांना माहिती झाली काय?' यापुढे 'होय' लिहिलं. मंडळाने त्या तिमाहीत शंभर टक्के यश जाहीर केलं. गोळ्या तीसच राहिल्या. पण ही क्षुल्लक बाब वेगळ्या रकान्यातली होती आणि तो रकाना अजून छापलेला नव्हता.

आता आयांचा प्रश्न. आमच्याकडे बाटली म्हणजे औषध नव्हे, मान आहे. आपल्या पोराला दुखलं याची ती सरकारी पोच. हे कुणाही तज्ज्ञाच्या ध्यानात आलं नाही, ते डार्ला मॅकेल्विनमुळे आलं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या डार्लाच्या धाकटीच्या, केंड्राच्या, चारही दाढा गुरुवारी निघायच्या होत्या. केंड्रा शाळेच्या सॉफ्टबॉल संघात चेंडू टाकायची आणि ऑगस्टमध्ये खेळाच्या जोरावर कॉलेजला जाणार होती. डार्लाच्या घराण्यात कॉलेजला जाणारी ती पहिली. टेनंटबाईंच्या आग्रहाने पोरीला यंदा साध्या गोळ्या द्यायचं चाललंय, हे कानावर येताच डार्ला ॲप्रनसकट दवाखान्यात आली.

"ओपल, माझ्या थोरल्या ब्रॉडीला तीन वर्षांपूर्वी तीस दिल्या. वँडाच्या त्या नेभळटाला तीस दिल्या, त्याची तर एकच दाढ होती! आणि माझ्या पोरीला काय, दुकानातली किरकोळ गोळी? ती काय रस्त्यावर पडलीय?"

"अगं डार्ला, हळू. आत भूल दिलीय एकाला."

"मग त्याला ऐकू येत नाही ना? बरंय!"

लोर्नाबाई तिथेच खुर्चीत तिसऱ्या भेटीची वाट पाहत होत्या. त्या कार्ड घेऊन उठल्या. कार्डावरचा रंगीत आलेख पाहून डार्ला म्हणाली, "बाई, हा डोंगर छान काढलाय. पण मला बाटली हवी."

तेव्हा बावीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या ओपलने (डॉक्टर त्यात फक्त दाढा काढतात) एक तोडगा काढला. त्याच साध्या गोळ्या, पण डॉक्टरांच्या कागदावर, डॉक्टरांच्या सहीने लिहायच्या. सकाळी सहा, दुपारी बारा, असं घड्याळ लावून. दुकानाने त्या नारिंगी बाटलीत भरायच्या, वर पोरीचं पूर्ण नाव छापायचं, आणि झाकण असं लावायचं की मोठ्या माणसालाही उघडता येऊ नये. डार्लाने कागद वाचला, सही बोटाने चाचपून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

"हं. आता कसं! ही काहीतरी जालीम दिसतेय."

त्या जूनमध्ये गावातल्या एकवीस वर्षांखालच्या रुग्णांना दिलेल्या अफूच्या गोळ्यांची संख्या शून्यावर आली. मंडळाने चौकशी केली, तेव्हा हे यश कार्डावरच्या कोणत्याही मुद्द्यात बसत नसल्याचं आढळलं; म्हणून ते हवामानाच्या नावे नोंदवण्यात आलं. डॉक्टरांना एकही फोन आला नाही. ते सलग चार शनिवार मासे पकडत होते. (पकडले काही नाहीत, पण आता फोनला बोल लावता येईना.)

ही कथा इथेच संपायला हरकत नव्हती. मंडळाच्या अहवालात ती इथेच संपते.

पण शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी केंड्रा जरा जास्तच कण्हू लागली आणि डार्लातली आई जागी झाली. सहा, बारा वगैरे घड्याळ ठीक आहे, पण घरात खरी वस्तू असताना पोरीने का सोसावं? ब्रॉडीने त्या वेळी तीसपैकी अकराच घेतल्या होत्या. उरलेल्या एकोणीस तिने न्हाणीघरातल्या आरशामागच्या कपाटात जपून ठेवल्या होत्या. आमच्याकडे उरलेलं टाकण्याची पद्धत नाही. मीही टाकत नाही. "असू दे, लागेल कधीतरी," असं म्हणून ठेवतो. काटकसर आहे ती. डार्लाने बाटली काढली. हलवली. आवाज आला नाही.

आत चार कापसाचे बोळे होते, नीट दाबून भरलेले.

पोरीने साध्या गोळ्याच घेतल्या, तासाभरात तिला झोप लागली आणि रविवारी ती बटाट्याचं सूप ओरपत होती. तिचं सगळं ठीक आहे. ऑगस्टमध्ये ती कॉलेजला गेली. जी बाटली तिच्यासाठी उघडली गेली, ती कुणीतरी आधीच रिकामी केली होती म्हणून ती वाचली.

सोमवारी डार्ला ती बाटली घेऊन दवाखान्यात आली. या खेपेला आवाज चढवला नाही. लोर्नाबाई फॉर्म भरत होत्या. डार्लाने बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

"बाई, तुमच्या कार्डावर याचं काय लिहिलंय?"

लोर्नाबाईंनी लेबल वाचलं. आपल्याच दुकानाचं होतं. ब्रॉडी मॅकेल्विन, तीस. "घरी कोण कोण येतं?" त्यांनी विचारलं.

"कोण येणार? चर्चमधल्या बायका. नळवाला एकदा आला होता." डार्लाने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. मग म्हणाली, "ब्रॉडी हल्ली फार थकतो. लाकडाच्या वखारीत अंगमेहनत असते ना. संध्याकाळी सहालाच खुर्चीत डुलायला लागतो. जेवताना हातात काटा तसाच. मी म्हणते, झोपू दे बिचाऱ्याला."

ओपल टाइप करायची थांबली. दारात आलेले डॉक्टर हातमोजे न काढता तसेच उभे राहिले.

"आत्ता कुठे आहे तो?" लोर्नाबाईंनी विचारलं.

"वखारीत. दुपारची सुट्टी असेल."

"चला. माझी गाडी बाहेर आहे."

"रागवाल त्याला?"

"नाही हो. बाटली मीच भरली होती ती."

त्या दोघी गेल्या. ब्रॉडी आता शेजारच्या जिल्ह्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात आहे, सातवा आठवडा आहे, आणि डार्ला दर रविवारी त्याला मक्याचा पाव नेते. मंडळाच्या दप्तरी त्या दिवसाची नोंद अशी आहे: 'चौथी भेट अपूर्ण. शिक्षिका नवव्या मिनिटाला जागा सोडून गेल्या. कारण: खासगी.' बाईंना लेखी समज देण्यात आली.

आता तुम्ही. इतकं वाचताना तुमच्या मनात एकदोनदा आलंच असेल, की काय एकेक लोक असतात! तर तुमच्या घरातही बिस्किटांचा एक जुना डबा आहे. त्यात कात्रीने कापलेल्या पट्ट्या आहेत. कुणाच्या पाठीसाठी, कुणाच्या खोकल्यासाठी, कुणाच्या झोपेसाठी आणलेल्या. नावाकडचा तुकडा नेमका कापला गेलेला. किती उरल्या होत्या, ते तुम्हाला आठवत नाही. तुम्ही कधी मोजल्या नसतील, तर तुमच्या घरी सगळं ठीक आहे. डार्लाच्या घरीही शुक्रवार दुपारपर्यंत सगळं ठीकच होतं.