पानाबाईचा पंखा आणि शेठचा काटा

कामरगावात धान्याची अडत चालवणाऱ्या शिखरचंद शेठचा दुनियेत एकाच गोष्टीवर भरवसा होता, तो म्हणजे काटा! माणूस खोटं बोलेल, डोळा फसेल, पण काटा कधी फसवत नाही, हे ते दिवसातून चार वेळा कुणाला ना कुणाला ऐकवत. ऐकणाऱ्यालाही ते पाठ झालं होतं.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात शेठनी भर दुकानात जाहीर केलं, "यंदा आईले मुक्तागिरी दाखवतो! अन् अशी नेतो, का घाम बी येनार नाही!"

त्यांची आई पानाबाई पंच्याहत्तरीची. मुक्तागिरीच्या जैन मंदिरांचं दर्शन, एवढंच एक मागणं उरलेलं. पण दमा भारी चिवट! थंडीत तर तिला खाटेवरून उठवत नसे, आणि उकाड्यात जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, न्यायचंच तर सतत वारा लागला पाहिजे, नाहीतर घरीच ठेवा.

मग शेठनी लिलावातून एक जुनी रुग्णवाहिका उचलली. आत गादी अंथरली, माठ बांधला आणि कारंज्याच्या गॅरेजात कामाला जाणाऱ्या भिवाजीकडून छोटा पंखा बसवून घेतला. पंख्याची बॅटरी वेगळी, म्हणजे गाडी उभी असली तरी आईला वारा! राहिला एकच प्रश्न. त्या बॅटरीत माल किती शिल्लक आहे, हे कळायचं कसं?

भिवाजीला घेऊन शेठ अकोल्याला गेले. दुकानदारानं दोन वस्तू पुढे ठेवल्या. पहिली रबरी फुग्याची काचेची नळी. तिनं बॅटरीतलं अ‍ॅसिड ओढायचं आणि आतला तरंगता तुकडा किती वर येतो ते बघायचं. दुसरा लोखंडी चिमटा, त्यावर गोल तबकडी आणि तबकडीत काटा! चिमट्याची टोकं बॅटरीच्या खणावर दाबली की काटा हिरव्या पट्ट्यात, नाहीतर लाल पट्ट्यात जाऊन उभा.

"नळी घ्या, शेठ," भिवाजी म्हणाला. "साधी हाय, सस्ती हाय."

"नळीत काटा कुठं हाय?"

"काटा कायले पायजे? हा चिमटा गॅरेजवाल्यायचा. दोन सेकंद लावा लागते, ते बी कदीमदी. त्याच्यात काय होते..."

"मी तीस वर्सं काटा पाहून राह्यलो, भिवाजी! तू मले काटा शिकवतं?"

चिमटा कामरगावात आला.

निघायला आठ दिवस होते. शेठ सकाळी उठून चिमटा लावायचे, जेवून उठले की लावायचे आणि पाहुणा आला की चहाच्या आधी लावायचे. चिमटा खणावर दाबून धरून ते साऱ्या यंत्राची माहिती सांगत, आणि शेठची माहिती काही थोडक्यात आटपत नसे! चिमटा चांगला तापायचा. "पाहा, किती जोर हाय तिच्यात!" शेठ खूश. पाचव्या दिवशी काटा जरा खाली आला. त्यांनी तो दोष उन्हाला दिला.

सहाव्या दिवशी शेठच्या अडतीवर तूर आणणारा ग्यानबा टॉर्चचे दोन सेल घेऊन आला. "शेठ, माहे सेल बी पाहा ना जी."

शेठनी चिमटा टेकवला. काटा उठलाच नाही, लाल पट्ट्यात आडवा!

"मेलेले हायेत हे, ग्यानबा!"

"कालच तं घेतले जी! हुकूमचंद शेठच्या दुकानातून."

हुकूमचंद म्हणजे शेठचा सख्खा साळा. पण काट्यापुढे कसला साळा! शेठ चिमटा घेऊन तडक त्याच्या दुकानात गेले, मागून ग्यानबा आणि अर्धा बाजार. नवं खोकं फोडलं, एकेक सेल तपासला. सगळे लाल!

"हुकूमचंद, गावाले मुर्दे इकून राह्यला काय?"

हुकूमचंदनं त्यातलेच दोन सेल टॉर्चमध्ये घालून बटण दाबलं. लख्ख उजेड! "पाहा भाऊजी, पेटला!"

"पेटला तं पेटला! काटा काय म्हणते ते पाह्य!"

हुकूमचंदनं दुकानाच्या फळ्या लावल्या. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

निघायचा दिवस उजाडला. पानाबाई नवं लुगडं नेसून गाडीतल्या गादीवर आडवी झाली. निरोपाला गल्ली जमली होती. शेठनी ऐटीत बटण दाबलं. पंख्यानं दीड फेरा घेतला आणि थांबला.

आत कोंदटलं होतं. पानाबाईला धाप लागली. "राहू दे, शिखर," ती म्हणाली. "माह्या नशिबात नसन."

भिवाजीनं वाकून बॅटरी पाहिली.

"शेठ, चिमटा रोज किती खेपा लावला?"

"असन पंधरा-वीस."

"अन् धरला किती येळ?"

"माहिती सांगून होईपर्यंत."

भिवाजीनं कपाळावर हात मारला. "हा चिमटा बॅटरीले पळवून तिचा दम पाह्यते! तुमी आठ दिवस पळवली तिले. अन् टॉर्चचा सेल म्हंजे लहान लेकरू. त्याच्या मानेवर जू ठेवलं तं बसनच तो!"

"पन तपासल्यानं माल कमी होते काय?"

"ह्याच्यात होते, शेठ."

कारंज्याला चार्जिंगला टाकायची तर एक दिवस, एक रात्र जाणार. गावात दुसरी दमदार बॅटरी एकच, हुकूमचंदच्या ट्रॅक्टरची! शेठ गेले, मान खाली घालून. हुकूमचंदनं बॅटरी काढली, स्वतः उचलून गाडीपाशी आणली आणि तारांवर हात ठेवून उभा राहिला.

"आईसाठी आनली, भाऊजी. पन तार जोडाच्या आंधी चारचौघात बोला."

शेठनी आईकडे पाहिलं. "हुकूमचंद, तुहे सेल चांगले होते. खोटा मीच ठरलो. पाह्यल्यानं बी माल कमी होते, हे मले आज समजलं."

तार जोडली. पंखा भिरभिरला, पानाबाईचे पांढरे केस उडू लागले. शेठचे डोळे भरून आले, ते त्यांनी कुणाला दिसू दिले नाहीत. भिवाजी गाडी चालवायला बसला.

तेवढ्यात ग्यानबा पुढे आला. "शेठ, एक इचारू काय जी?"

"इचार, लवकर!"

"मी तूर आनतो, तवा तुमी, तुमचा दिवानजी, अन् चार यापारी पोत्यातून मूठ मूठ काहाडून पाह्यता. ते मुठी काई वापस पोत्यात जात नाहीत. मी बोललो, का तुमी म्हनता, 'पाह्यल्यानं माल कमी होते काय रे?' मंग होते, का नाही होत?"

हुकूमचंद समोरच्या कौलांकडे पाहू लागला. शेठ टुणकन उडी मारून गाडीत चढले.

"भिवाजी, गाडी काहाड! ऊन चढून राह्यलं!"

आतून पानाबाईचा आवाज आला, धाप नसलेला, चांगला खणखणीत.

"थांब रे, भिवाजी. शिखर, जवाब दे त्याले. मले काई घाई नाही, पंखा मस्त चालून राह्यला."