गुंजाळांचा कोरा चहा

ये, अशी जवळ ये. ती खुर्ची ओढून घे. आणि रागावू नकोस, पण तुम्हा हल्लीच्या पोरींची ही खोड मला मुळीच आवडत नाही. कप अजून ओठाला लागला नाही, वाफसुद्धा विरली नाही, आणि 'काकू, चहा एक नंबर' म्हणून मोकळी. कशावरून गं? साखर घातली का नाही, ते माझं मलाच आठवत नाहीये. आधी पी, मग बोल. असं न पिता बोलणाऱ्यांनी आमच्या गुंजाळांचं काय केलं, ते सांगते.

गुंजाळ म्हणजे आमच्या गल्लीतलं टोकाचं घर. दूध संकलन केंद्रावर टेस्टर होते. उभा जन्म दुधाची फॅट काढण्यात, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजण्यात गेला. पहाटे किटल्यांची रांग लागायची आणि हे काचेची नळी डोळ्यापुढे धरून आकडा सांगायचे, तीन म्हणजे पातळ, सहा-सात म्हणजे दाट. रिटायर झाले, पण डोळ्यापुढची नळी काही खाली आली नाही. जगात जे काही असेल त्याला फॅट लागलीच पाहिजे. देवळात कीर्तन झालं की पायऱ्या उतरताना मला हळूच म्हणायचे, "वैनी, आवाज म्हशीचा हाय, पन मधी मधी पानी." पुढाऱ्याचं भाषण झालं तर, "तीन लागली. ती बी वरवरची साय." शेजारच्या शिंद्यांच्या मुलीला स्थळ आलं, तेव्हा मुलगा गाडीतून उतरायच्या आत यांचा निकाल तयार, "सहा हाय. पन नासायला येळ लागायचा न्हाई."

आता असा माणूस दारात आला तर त्याच्यापुढे दुधाचा चहा ठेवायची कुणाची छाती आहे? गवळ्याने पाणी घातलेलं, त्यात घरातल्या बाईने घातलेलं. गुंजाळ दिसले की बायका आतून ओरडायच्या, "अगंबाई, दूध नासलं बघा आत्ताच." मग कोरा चहा यायचा. गुंजाळ तो बशीत ओतून निवांत प्यायचे आणि म्हणायचे, "बरं झालं. मला कोराच आवडतो." सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं, गुंजाळांना कोराच लागतो. सत्यनारायणाला आले तरी कोरा, बारशाला आले तरी कोरा.

आता हे नव्वदचं दशक सरत आलंय ना, तर ही गोष्ट गेल्या दिवाळीच्या आधीची. आमच्या गल्लीतल्या सुनंदाने आपल्या टायपिंगच्या क्लासात दोन कॉम्प्युटर आणले आणि फोनच्या वायरीतून इंटरनेट घेतलं. ते सुरू होताना असं किरकिरायचं, की वाटावं कुणी कोंबडी पकडतंय. मला गोष्टी वाचायचं वेड. माझं शिक्षण सातवी, पण छापलेलं काही दिसलं की मी ते वाचणारच, मग तो भेळीचा कागद का असेना. सुनंदा म्हणाली, काकू, यात हौशी लोकांचं एक मंडळ आहे, आपल्या आपण गोष्टी लिहितात आणि एकमेकांना पाठवतात. मंडळाचं नाव 'गोष्टीवेल्हाळ'. निम्मे अमेरिकेतले, एक दुबईचे, बाकी पुण्यामुंबईचे. त्यांचे जे प्रमुख होते ते अमेरिकेत कुठेतरी राहायचे आणि प्रत्येक पत्राखाली 'आपला सूत्रधार' अशी सही करायचे. सगळे मराठीच लिहायचे, पण इंग्रजी अक्षरांत. सुनंदा मला वाचून दाखवायची.

काय गोष्टी असायच्या गं! दर गोष्टीत कुणीतरी कॉफीचा मोठा मग घेऊन खिडकीशी उभं. बाहेर बर्फ. आत गावाकडची आठवण. आणि गोष्ट आली रे आली की बाकीच्यांची पत्रं धडाधड पडायची. अप्रतिम. निःशब्द. पुढचा भाग कधी? एकाने गोष्टीच्या शेवटी नायकाला मारून, जाळून, अस्थी विसर्जन करून टाकलं, तरी चौघांनी विचारलं, पुढचा भाग कधी?

जुनं संकलन केंद्र सुनंदाच्या क्लासला लागूनच. तिथे आता मशीन फॅट काढायचं. गुंजाळ तरी रोज दुपारी त्या बाजूला यायचे आणि सावलीला म्हणून क्लासात टेकायचे. एक दिवस बर्फाची गोष्ट चालली होती. हे डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "तीन पाइंट दोन. मधल्या पानात पानी घातलंय." सुनंदाला हसू आवरेना. तिने गंमत म्हणून तसंच टाइप केलं, खाली 'गुंजाळ' लिहिलं आणि दिलं धाडून.

दुसऱ्या दिवशी अमेरिका हादरली. हे गुंजाळसर कोण? फार मूलगामी बोलतात म्हणे. मग काय विचारतेस! जो तो गोष्ट टाकायचा आणि खाली लिहायचा, सर, माझी किती लागली? दुबईच्या गृहस्थांनी तर 'कथेतील स्निग्धांश' नावाचा चांगला लांबलचक लेख लिहिला. त्यात दुधाचा उल्लेख कुठेच नव्हता. सुनंदाने तो वाचून दाखवल्यावर गुंजाळ म्हणाले, "ह्ये लोनी काडलेलं हाय."

पण माणूस खुलला हो. धुतलेला सदरा घालून यायला लागले. दुपारचे बरोबर दारात. मुलगा नाशिकला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी बोलायला भिंती. इथे मात्र सातासमुद्रापलीकडून कुणी विचारतंय, सर, कसे आहात? ते सुनंदाला म्हणायचे, "सांग त्यान्ला, ठीक हाय. हितं ऊन लई हाय."

मग रेवतीची गोष्ट आली. ही पुण्याची कॉलेजातली पोर, होस्टेलवर राहणारी. पहिलीच गोष्ट. आई डब्यातून लाडू पाठवते आणि मुलगी ते कुणाला कळू न देता पांघरुणात खाते, एवढीच. मला तर आवडली होती. शेवटी शेवटी मात्र पोरीने मोठमोठे शब्द घातले होते, मातृत्व काय, अनंत काय. गुंजाळांनी सुनंदाला सांगितलं, लिही, "दूध चांगलं हुतं. पानी घालायची काय गरज?"

रेवती गप्प झाली. आणि मंडळ उठलं. नवीन मुलीला असं चारचौघांत बोलायचं? दर गोष्टीला अप्रतिम म्हणणारे लोक, पण रागावायला लागले तेव्हा भाषा चांगली तेज निघाली. सुनंदाने ती पत्रं वाचली, तेव्हा गुंजाळ उठून उभेच राहिले. म्हणाले, "म्हंजी, समद्यांनी वाचलं व्हय?"

तेव्हा आम्हाला उलगडा झाला. इतके महिने गुंजाळ समजत होते, की आपण सांगतो ते फक्त लिहिणाऱ्याच्याच कानात जातं. केंद्रावर त्यांची तशीच रीत होती. ज्याच्या दुधात पाणी निघेल त्याला बाजूला घ्यायचं आणि कानाशी सांगायचं. रांगेतल्या दुसऱ्याला ऐकू जाता कामा नये. आणि इथे तर त्यांनी साऱ्या जगापुढे एकेकाची किटली उपडी केली होती.

सूत्रधारांचं फर्मान आलं. यापुढे नुसतं मत देणाऱ्याला मंडळात जागा नाही. गुंजाळसरांनी दिवाळीच्या आत स्वतःची गोष्ट टाकावी, नाहीतर नाव कमी करण्यात येईल.

त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. कोरा चहा दिला, तो तसाच गार झाला. म्हणाले, "तितनं काडलं तर दुपारच्याला जायाचं कुटं, वैनी?"

मी म्हटलं, लिहा की मग. त्यात काय एवढं. तर म्हणाले, म्हैस कधी पाळलीच नाही, दुसऱ्याचंच दूध बघितलं. गोष्टीत घालतात तरी काय? मी सांगितलं, मलाही नक्की माहीत नाही, पण कॉफीचा मग आणि बर्फ घालू नका.

पुढे बरेच दिवस ते दिसले नाहीत. दिसायचे ते नदीकडे हात मागे बांधून जाताना, ओठ हलवत. शेवटी दिवाळी तोंडावर आली तेव्हा कागद घेऊन क्लासात आले. सुनंदाने विचारलं, काका, काकूंना वाचून दाखवू का? तर कागद छातीशी धरला. म्हणाले, आधी जाऊ दे तिकडं. आणि एक अट घातली, माझी गोष्ट मराठी अक्षरातच गेली पाहिजे. सुनंदाकडे लग्नपत्रिका छापायचा मराठी फॉन्ट होता. त्यात तिने टाइप केली, गुंजाळ शेजारी उभे राहून सांगत होते आणि मला त्यांनी दाराबाहेर बसवलं होतं. गोष्ट पडद्यावर कशी दिसली म्हणशील, तर दारातून लग्नाचं आमंत्रण दिसावं तशी. दिली धाडून.

दुसऱ्या दिवशी पत्रांचा पाऊस. अप्रतिम, सर. निःशब्द. डोळ्यांत पाणी आलं. मुंबईच्या एक बाई म्हणाल्या, मधल्या मोकळ्या जागा फार बोलतात. सूत्रधारांनी लिहिलं, शेवट अंगावर आला, प्रतीकं समजायला दोनदा वाचावं लागलं, आपलं नाव कायम. दुबईकरांनी तर साडेसहा फॅट दिली. आणि पुढचा भाग कधी, हे होतंच.

गुंजाळांनी गल्लीत पेढे वाटले. स्वतः. कोणत्याही पेढ्याला आकडा न लावता. मी वाचते म्हटलं, तर लाजले, उद्या देतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रेवतीचं पत्र आलं. सुनंदाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच तिचा आवाज खाली गेला. पोरीने लिहिलं होतं, 'गुंजाळकाका, मला तुमची गोष्ट दिसतच नाहीये. नुसते चौकोन, फुल्या आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. सगळ्यांनी वाचली, म्हणजे माझ्याच मशीनमध्ये बिघाड असणार. मला खरंच वाचायची आहे. काय करू?'

सुनंदाने कपाळावर हात मारला. तो पत्रिकेचा फॉन्ट फक्त तिच्याच मशीनमध्ये. दुसरीकडे गोष्ट पोहोचली ती चौकोनच होऊन. सगळ्यांकडे. सूत्रधारांकडेसुद्धा.

गुंजाळ म्हणाले, "म्हंजी कुनीच वाचली न्हाई."

सुनंदा चिडली. म्हणाली, काका, थांबा, आत्ता लिहिते आणि एकेकाला चौकोनांची प्रतीकं विचारते. मलाही वाटलं, विचारावीच. दुबईकरांना तर मी पहिली विचारली असती. पण गुंजाळांनी तिच्या हातावर हात ठेवला. "नको, पोरी. लोकांफुडं कुनाची किटली उलटी करू न्हाई. येकदा झालं ते झालं." मग म्हणाले, "त्या पोरीला तेवडं लिही. तिच्या एकलीच्या कानात जाईल असं. म्हनावं, बिघाड तुझ्या मशीनमदी न्हाई. तुझं दूध निर्मळ हाय."

संध्याकाळी कागद घेऊन माझ्याकडे आले. वाचा म्हणाले. मी म्हटलं, मी नाही, तुम्हीच वाचा, गोष्ट तुमची आहे. अडखळत वाचली.

एका टेस्टरची गोष्ट होती. त्याला दुधाचा चहा फार आवडायचा, आटवलेला, वेलची घातलेला, त्याची आई करायची तसा. पण तो ज्या घरी जाई त्या घरचं दूध नेमकं त्याच वेळी नासायचं. आतून बायकांची कुजबुज त्याला ऐकू यायची, पातेलं झाकल्याचा आवाज यायचा. टेस्टर ओळखायचा, की ही बाई आपल्याला घाबरली. मग तिला ओशाळं वाटू नये म्हणून तो म्हणायचा, मला कोराच आवडतो. असं म्हणत म्हणत त्याने गावभर कोराच चहा पीत जन्म काढला. संपली गोष्ट. बर्फ नाही, खिडकी नाही.

मी उठले आणि आत गेले. गुंजाळ मागून सवयीने म्हणाले, "वैनी, कोराच..." मी ऐकलंच नाही. पातेल्यात दूध होतं, आमच्या गवळ्याचं, म्हणजे तू समजून जा, निळसर दिसायचं. तेच उकळलं, वेलची कुटून घातली आणि कप पुढे ठेवला.

त्यांनी बशीत ओतला. फुंकर घातली. एक घोट घेतला आणि बराच वेळ तसाच तोंडात ठेवला. मला राहवेना. म्हटलं, सांगा आता, किती लागली?

"वैनी," गुंजाळ म्हणाले, "च्याला फॅट बगत न्हाईत."

आणि बशी पुन्हा पुढे केली.

आता रोज संध्याकाळी येतात. रेवतीही दिवाळीनंतर एसटीने येऊन गेली, ओट्यावर बसून गोष्ट ऐकली, आणि 'काका, इथे मला कळलं नाही' म्हणून दोनदा थांबवलं. गुंजाळ केवढे खूश. दुसरी गोष्ट लिहितायत म्हणे, ऐकायला माणसं कमी पडतात. तेव्हा तू अशी घाईघाईने उठू नकोस, आणि जाशील तर लवकर परत ये. गुरुवारी ती नवी गोष्ट वाचणार आहेत, तेव्हा आलीस तर दोघींना मिळून ऐकता येईल. फक्त एक कर बाई, त्यांच्यासमोर तरी चहा आधी पी आणि मग काय ते बोल.